झोपेची शेवटची दोन मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

मांडीवर गाढ झोपलेलं बाळ जपून पाळण्यात ठेवावं आणि पाठ टेकते न टेकते तोच त्यानं टक्क डोळे उघडावेत, हे तान्ह्या बाळाच्या आईबाबांना काही नवीन नाही. पण असं का होतं?

आपण मोठी माणसंही रात्रभर सलग झोपत नाही. साधारण ९० मिनिटांचं झोपेचं एक आवर्तन संपलं की किंचित जागे होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी ते आठवतही नाही. बाळाचं आवर्तन ५० मिनिटांच्या आसपास असतं, त्यामुळे त्याला जाग जास्त वेळा येते. यात बिघडलेलं काही नाही. मात्र डोळा लागताना मांडी होती, झोका होता, तोंडात दूध होतं, आणि जाग आली तर त्यातलं काहीच नाही! आपण पलंगावर झोपलो आणि जाग स्वयंपाकघराच्या फरशीवर आली, तर आपणही दचकूच की. बाळ रडतं ते हरवलेलं तेवढं परत मागायला.

म्हणून बाळाला खाली ठेवायचं ते पेंगुळलेलं, पण जागं असताना. झोप लागण्याची शेवटची एक-दोन मिनिटं त्याची त्याला मिळू द्यायची.

ही वेळ नेमकी साधणं, हेच खरं कौशल्य आहे. जांभई आणि डोळे चोळणं सगळ्यांनाच कळतं, पण त्याआधीच्या खुणा बघा. बाळाची नजर एका जागी खिळते. खेळणं दाखवलं तर ते तोंड फिरवतं. हातपायांची चळवळ मंदावते, काहींच्या भुवयांपाशी लाली येते. पहिल्या काही आठवड्यांत तासभर जागं राहिलं तरी बाळ दमतं, चौथ्या महिन्यात दीड-दोन तासांनी. ही वेळ टळली की दमलेलं बाळ झोपण्याऐवजी जास्तच किरकिरतं.

मात्र पहिले तीन-चार महिने कसलीही शिस्त लावू नका. पोट इवलंसं असतं, दर दोन-तीन तासांनी दूध लागतं आणि दिवस-रात्रीचं घड्याळ शरीरात अजून बसायचं असतं. या वयात छातीशी धरून झोपवल्यानं बाळ लाडावतं, असं कुणी म्हणालं तर खुशाल दुर्लक्ष करा. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान हळूहळू सुरुवात करावी. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर हे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

सुरुवात सोपी आहे. दूध आधी, मग लंगोट, मग मंद दिव्यात एखादी अंगाई. रोज हाच क्रम. दूध पिता पिताच डोळा लागू नये, एवढ्यासाठी ते आधी. खाली ठेवल्यावर छातीवर हात ठेवा, हलकं थोपटा. काही दिवसांनी थोपटणं कमी करा, मग नुसतं शेजारी बसा. काही पालक खोलीबाहेर जाऊन ठरावीक वेळानं डोकावतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी झोपेच्या अशा पद्धती वापरलेल्या कुटुंबांतली मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मुलांच्या मनावर किंवा आईवडिलांशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम आढळला नाही. मला स्वतःला शेजारी बसणं जास्त पटतं. पण जे रोज निभेल तेच निवडा.

आणि रात्री कण्हल्याचा आवाज आला की लगेच झडप घालून उचलू नका. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चळवळीची असते. ते तोंड वेडंवाकडं करतं, कुंथतं, हात उडवतं, मधेच हुंदका देतं, आणि हे सगळं झोपेतच. अशा वेळी आपणच उचलून त्याला जागं करतो. क्षणभर थांबून ऐका. भूक लागली असेल तर ते कळेलच. मग दूध जरूर पाजा, पण दिवा मंद आणि गप्पा बंद.

सुरक्षिततेत मात्र तडजोड नको. बाळ उताणंच झोपवा. गादी सपाट आणि घट्ट हवी. उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको. उताणं झोपवण्याचा सल्ला १९९०च्या दशकात अनेक देशांत दिला गेला आणि झोपेतले अचानक बालमृत्यू खूप घटले. निदान पहिले सहा महिने बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर असावं. कुशीवर वळू लागल्याची चिन्हं दिसताच दुपट्यात गुंडाळणं थांबवा. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी लागणं विशेष धोक्याचं आहे. झोपेत घोरणं किंवा श्वास थांबल्यासारखं वाटलं, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

बाळ रडतंय, काही केल्या थांबत नाही आणि तुमचा संयम संपत आलाय, असं झालं तर त्याला पाळण्यात उताणं ठेवा आणि पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जा. त्याला कधीही गदागदा हलवू नका. बाहेर जाऊन पाणी प्या आणि घरातल्या कुणाला तरी उठवा. मध्यरात्र असली तरी उठवा.