चर्चमधली मेणबत्ती: पोळ्यापासून वेदीपर्यंत

[दृश्य: मेणाची कढई, वर टांगलेलं कडं, पळीने मेण ओतणारे हात]

कढईत दिसतंय ते मधमाश्यांचं मेण. ६२ ते ६४ डिग्रीच्या आसपास वितळतं, त्याच्या फार वर तापवलं की रंग काळवंडतो आणि वासही जातो, म्हणून आच कायम मंद. वर जे कडं टांगलंय त्याला सुती वाती लोंबतायत, आणि हे काका काय करतायत बघा, पळीभर मेण घेतलं, वातीच्या वरच्या टोकाशी ओतलं, ते वातीवरून खाली ओघळत गेलं, कडं जरासं फिरवलं, की पुढची वात. अख्खी फेरी होईपर्यंत पहिल्या वातीवरचा थर आळलेला असतो, मग त्यावर दुसरा. असे थरावर थर. साचे का नाही वापरत? वापरतात की, पण मधमाशीचं मेण साच्याला धरून बसतं आणि थंड होताना आक्रसतं, त्यामुळे मोठी मेणबत्ती अशी ओतूनच करायची ही जुनी रीत. वेळ जातो. जाऊ दे.

मेण कोमट आहे तोवरच मेणबत्ती टेबलावर घ्यायची आणि वरून सपाट फळीने लाटायची. आता बघा, मघाशी जी वेडीवाकडी कांडी होती ती सरळ होत चाललीय. मग बुड कापायचं, त्यात भोक पाडायचं, कारण वेदीवरच्या स्टँडला वर टोकदार खिळा असतो त्यावर ही रोवतात.

[दृश्य: वात, अगदी जवळून]

वात नीट बघा, पीळ दिलेली नाहीये, वेणी घातलेली आहे. ही वेणीची वात १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये आली. त्याआधीच्या वाती जळून तशाच उभ्या राहायच्या, काजळी धरायच्या, माणसाला कात्री घेऊन मागे उभं राहायला लागायचं. वेणीची वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येतं, तिथे हवा लागते आणि ते आपोआप राख होऊन जातं. एवढीशी गोष्ट, पण हजारो चर्चमधली कात्री सुटली.

[दृश्य: पोळं, मधमाश्या]

आणि हा खरा कारखाना. कामकरी माशी साधारण दोन आठवड्यांची झाली की तिच्या पोटाखालच्या आठ ग्रंथींमधून मेणाचे पातळ पापुद्रे सुटतात, ती ते पायांनी ओढते, चावून मऊ करते आणि पोळ्याला लावते. मध्ययुगातल्या लोकांची समजूत होती की मधमाश्यांना नर-मादीच्या संबंधाशिवायच पिल्लं होतात. आज आपल्याला माहितीय की राणीमाशीचं तसं काही नसतं, पण त्या समजुतीतून एक सुंदर जोडणी झाली. कुमारिकेकडून आलेलं मेण म्हणजे मारिया मातेकडून आलेला येशूचा देह, आतली वात म्हणजे त्याचा आत्मा, आणि ज्योत म्हणजे त्याचं देवपण. चरबीचे दिवे स्वस्त असूनही वेदीवर मधमाशीचंच मेण हवं हा हट्ट इथून आला. शिवाय चरबीला घाण वास येतो हेही आहेच, ते कोणी मोठ्याने म्हणत नाही.

मेणाच्या पट्ट्या उन्हात वाळत घातल्या की मेण पांढरं होतं. हे पांढरं मेण सणांना, आणि न उजळलेलं पिवळं मेण अंत्यविधीला, अशी जुनी रीत होती.

मग एकोणिसाव्या शतकात चरबीतून काढलेलं स्टिअरिन आलं, पाठोपाठ खनिज तेलातून निघणारं पॅराफिन आलं आणि स्वस्त मेणबत्त्यांचा पूर आला. १९०४ मध्ये रोमने ठरवून दिलं की निदान पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती आणि मिस्साच्या, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेच्या दोन मुख्य मेणबत्त्या तरी बहुतांश मधमाशीच्या मेणाच्या असाव्यात. आता तेवढी सक्ती उरलेली नाही. पास्काच्या मेणबत्तीबद्दल मात्र १९८८ च्या परिपत्रकात व्हॅटिकनने अगदी स्पष्ट लिहिलंय की ती मेणाचीच हवी, खोटी कधीही चालणार नाही, दरवर्षी नवी हवी, एकच हवी आणि चांगली मोठी हवी.

[दृश्य: चर्चच्या बाहेर, अंधार, शेकोटी]

तर तीच ही मेणबत्ती, आणि ही तिची रात्र. ईस्टरच्या आदल्या दिवशीची, शनिवारची रात्र. पूर्ण अंधार पडल्याशिवाय ही उपासना सुरू करायची नाही आणि रविवार उजाडायच्या आत संपवायची असा नियम आहे. चर्चमधले सगळे दिवे बंद. बाहेर नवा अग्नी पेटवलाय, त्यावर फादर आशीर्वाद देतायत.

आता हात बघा. आधी मेणबत्तीवर क्रूस कोरला. त्याच्यावर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर अल्फा, खाली शेवटचं, ओमेगा. मग क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. काल आणि आज ख्रिस्त, आरंभ आणि अंत तोच, सगळा काळ त्याचा, अशा अर्थाचे शब्द कोरता कोरताच म्हणतात. मला ही चार आकड्यांची गोष्ट फार आवडते, एवढ्या जुन्या विधीत दरवर्षी एक ताजी गोष्ट घुसते, आणि मागच्या वर्षीची मेणबत्ती कितीही शिल्लक असली तरी बाद होते. त्यानंतर धूपाचे पाच दाणे क्रूसात रोवायचे, येशूच्या पाच जखमांचे. दाणा लाल मेणाच्या खिळ्यात बसवलेला असतो, तो दाबला की थोडं मेण कडेने वर येतं, दिसलं? आणि मग नव्या अग्नीवरून ज्योत.

[दृश्य: दारातून आत येणारी एकच ज्योत, नंतर पसरत जाणारा उजेड]

दारात थांबून पहिल्यांदा पुकारा होतो, ख्रिस्ताचा प्रकाश, आणि सगळे उत्तर देतात, देवाला धन्यवाद. चर्चच्या मध्यावर दुसऱ्यांदा. इथून लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटायला लागतात, पुढच्याने मागच्याला द्यायची, मागच्याने शेजारच्याला, लहान मुलं उगाचच दोनदा पेटवून घेतात. वेदीसमोर तिसऱ्यांदा, आणि मग चर्चचे दिवे लागतात. वेदीवरच्या मेणबत्त्या तेव्हाही बंदच असतात, त्या नंतर, ग्लोरिया हे स्तुतिगीत गायच्या वेळी.

मग पास्काच्या मेणबत्तीसमोर उभं राहून एक मोठं स्तोत्र गातात, एक्सुल्तेत. त्यात ही मेणबत्ती देवाला अर्पण करताना मधमाश्यांचा उल्लेख येतो, त्यांच्या कष्टाचा. उपासनेच्या सगळ्यात मोठ्या रात्री माशीची आठवण!

[दृश्य: जुन्या चित्रगुंडाळीचे फोटो]

दक्षिण इटलीत दहाव्या ते तेराव्या शतकात हे स्तोत्र लांबलचक चामड्याच्या गुंडाळ्यांवर लिहायचे, बारी शहरातली एक गुंडाळी अकराव्या शतकातली आहे. गाणारा गात गात गुंडाळी व्यासपीठावरून पलीकडे खाली सोडत जायचा. त्याला अक्षरं सरळ दिसायची आणि चित्रं उलटी, कारण चित्रं समोरच्या लोकांसाठी होती, वाचता न येणाऱ्यांसाठी. आणि त्या चित्रांत मधमाश्यांची पोळी आहेत, माश्या आहेत, मध काढणारी माणसं आहेत.

[दृश्य: बाप्तिस्मा, नंतर शवपेटीजवळची मेणबत्ती]

ईस्टरपासून पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस पास्काची मेणबत्ती वेदीजवळ असते, नंतर बाप्तिस्म्याच्या कुंडाशी. बाळाचा बाप्तिस्मा झाला की त्याची छोटी मेणबत्ती हिच्याच ज्योतीवर पेटवून आईबाप आणि धर्ममातापित्यांच्या हातात देतात, ही जपा म्हणून. आणि माणूस गेला की शवपेटीजवळ हीच उभी करतात.

[दृश्य: वेदी]

रोजच्या मिस्साला वेदीवर किंवा वेदीजवळ कमीत कमी दोन मेणबत्त्या लागतात, चार किंवा सहाही चालतात, आणि त्या धर्मप्रांताचे बिशप स्वतः मिस्सा करत असतील तर सातवी. म्हणजे सात दिसल्या की समजायचं आज कोण आलंय. तिकडे कोपऱ्यात पवित्र भाकरीची पेटी आहे, टॅबर्नॅकल, तिच्याजवळचा दिवा कायम तेवता ठेवायचा, तेलाचा किंवा मेणाचा. लाल काच ही रूढी आहे, नियम नाही.

भर दिवसा कशाला पेटवायच्या हा प्रश्न फार जुना आहे बरं का. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेने दफनभूमीत दिवसा मेणबत्त्या लावायला बंदी घातली होती, का, तर संतांच्या आत्म्यांना त्रास नको. पुढे ४०६ मध्ये विजिलान्शियस नावाच्या माणसाने मेणबत्त्यांची टर उडवली तेव्हा संत जेरोमने त्याला चांगलंच झापलं, की पूर्वेकडच्या चर्चमध्ये शुभवर्तमान वाचताना सूर्य लख्ख असतानाही दिवे लावतात, ते अंधार घालवायला नाही, आनंद दाखवायला.

[दृश्य: २ फेब्रुवारी, मेणबत्त्यांची मिरवणूक]

नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, बाळ येशूला मंदिरात नेल्याचा सण. म्हाताऱ्या शिमोनने बाळाला हातात घेऊन त्याला सगळ्या राष्ट्रांसाठी प्रकाश म्हटलं, म्हणून या दिवशी मेणबत्त्यांवर आशीर्वाद. लोक यातली एखादी घरी नेऊन ठेवतात, आजारपणात लावतात, मरणाऱ्याच्या हातात देतात. दुसऱ्या दिवशी संत ब्लेझचा सण, दोन मेणबत्त्या फुलीसारख्या बांधून गळ्याशी धरतात. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्याने वाचवलं अशी कथा आहे. या मेणबत्त्या बऱ्याच ठिकाणी पेटवलेल्या नसतात, घाबरू नका.

[दृश्य: नवसाचा स्टँड, पेटवणारे हात]

आता ज्यासाठी बहुतेक लोक चर्चच्या या कोपऱ्यात येतात ते. पेटीत पैसे टाकायचे, मेणबत्ती घ्यायची, आधीच जळत असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ज्योतीवर पेटवायची, रोवायची, थोडा वेळ थांबायचं. या बाईंनी बघा, पेटवायच्या आधी मेणबत्ती कपाळाला लावली. कशासाठी मागतात? परीक्षा, ऑपरेशन, पोटातलं बाळ, गेलेला माणूस, कधी नुसतं आभार मानायला. चर्च काय सांगतं, तर मेणबत्तीत स्वतःची काही ताकद नाही, ती खूण आहे, माणूस निघून गेला तरी त्याची प्रार्थना तिथे उभी राहते. पण खूण कधी, तर ती खर्च होते तेव्हा. तुम्ही काहीतरी दिलंत, ते तुमच्यासमोर कमी होत गेलं आणि परत येणार नाही, यातच सगळं आलं.

मध्ययुगात तर आजारी माणसाला दोऱ्याने मापायचे. डोक्यापासून पायापर्यंत दोरा लावायचा, तेवढ्या दोऱ्याची वात करून मेणबत्ती करायची आणि संताच्या कबरीपाशी नेऊन लावायची. इंग्लंडमध्ये कँटरबरीला संत थॉमस बेकेटच्या कबरीशी लोक अशा मेणबत्त्या न्यायचे, तिथल्या चमत्कारांच्या नोंदींमध्ये हे मापणं येतं. माणसाच्या जागी माणसाएवढी मेणबत्ती.

[दृश्य: लूर्द, रात्रीची मिरवणूक, फातिमा, मेणबत्त्यांचा वणवा]

फ्रान्समधलं लूर्द. १८५८ मध्ये इथल्या गुहेत बर्नाडेट नावाच्या मुलीला मारिया मातेचं दर्शन झालं असं मानतात, ती गुहेसमोर मेणबत्ती घेऊन गुडघे टेकायची. एप्रिल ते ऑक्टोबर रोज रात्री नऊला ही मिरवणूक निघते, ज्योतीभोवती कागदाची छत्री असते, त्यावर गाणं छापलेलं, आणि ध्रुवपदातलं आवे, म्हणजे मारियेला नमस्कार, आलं की हजारो हात एकदम वर. आता बघा. हे.

आणि हे पोर्तुगालमधलं फातिमा, मारिया मातेचंच तीर्थक्षेत्र. इथे स्टँडवर निवांत जळायला मेणबत्तीला वेळच मिळत नाही, शेजारच्या मेणबत्त्यांच्या धगीनेच ती कमरेतून वाकते आणि खाली आगीत जाते. मेणाचे पायही जातात त्यात, हात, डोकी, अख्खी बाळं, ज्याचं जे दुखणं त्याचा तो अवयव.

[दृश्य: बटणांचा इलेक्ट्रिक स्टँड]

काजळीने भित्तिचित्रं काळी पडतात, छतं खराब होतात, आगी लागल्यात, फरशीवरचं मेण खरवडायला माणूस लागतो, हे सगळं खरंय, म्हणून अनेक चर्चमध्ये आता हे आलंय. नाणं टाका, बटण दाबा, प्लास्टिकच्या नळीवरचा बल्ब लुकलुकायला लागतो, वेळ संपली की बंद, पुढच्या माणसासाठी तीच नळी पुन्हा तयार. कुणाच्या ज्योतीवरून पेटवायला लागत नाही आणि संपतही काही नाही.

वेदीवर तर फसगत आणखी बेमालूम असते. ही जी पांढरीशुभ्र मेणबत्ती दिसतेय ना, ती बाहेरून प्लास्टिकची नळी आहे, आत पातळ पॅराफिनचं डबडं, वर छोटी वात. ज्योत खरी आहे, नियमाला धरून आहे की नाही यावर जाणकार भांडत बसतात. आम्हाला सॅक्रिस्टनने, म्हणजे वेदीच्या सामानाची देखभाल करणाऱ्याने, ती उघडून दाखवली, हे बघा, फिरकीचं झाकण. ओळखायची सोपी खूण अशी, की सणामागून सण गेले तरी तिची उंची तसूभरही कमी होत नाही.