गाडी वळत नाही? आधी सांगा, कुठे वळत नाही!

नमस्कार मंडळी! रेसिंग गेममध्ये "गाडी वळतच नाही, सेटअपमध्ये काय बदलू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: कुठे वळत नाही? ब्रेक सोडताना, वळणाच्या मध्यावर, की बाहेर पडताना थ्रॉटल दिल्यावर? आणि स्पीड किती, 70 की 200? एवढं कळल्याशिवाय सेटअपला, म्हणजे टायर, विंग, ब्रेक वगैरेंच्या जुळणीला, हात लावू नका.

आज असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओ या गेमचं उदाहरण घेऊ. जीटी3 गाडी (शर्यतीसाठी तयार केलेली स्पोर्ट्स कार), कोरडा ट्रॅक, बेल्जियममधलं स्पा.

सुरुवात टायर प्रेशरपासून. सेटअपमध्ये दिसतो तो थंड टायरचा आकडा, आपल्याला हवा गरम टायरचा. चार-पाच लॅप मारा आणि मग बघा: चारही टायर साधारण 26 ते 27 पीएसआयमध्ये हवेत. जुन्या व्हिडिओंत याहून जास्त सांगतात. तेव्हा ते बरोबर होतं, पण नंतर गेमचं टायर मॉडेल बदललं. प्रेशर चुकलेलं असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

आता स्पीड. डाउनफोर्स, म्हणजे हवेमुळे गाडी खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 100 ला जेवढा, त्याच्या चौपट 200 ला. म्हणून स्पाच्या पूऑंसारख्या वेगवान वळणात मागची बाजू सुटत असेल तर मागची विंग एक क्लिक वाढवा. केमेल स्ट्रेटवर, म्हणजे लांब सरळ पट्ट्यावर, थोडा टॉप स्पीड जाईल, जाऊ दे. पण ला सोर्सच्या हेअरपिनला, म्हणजे संथ, तीव्र वळणाला, विंगशी खेळून फारसं काही हाती लागत नाही.

तिथे गाडीचं नाक बाहेर जातंय? मग पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं एका बाजूला कलणं रोखणारा दांडा) सैल करा. सैल केल्यावर ग्रिप कशी वाढते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. बघा, वळणात वजन बाहेरच्या टायरवर जातं. टायरवर वजन दुप्पट झालं तरी ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे बाहेरच्या टायरने जेवढं कमावलं, त्यापेक्षा आतल्याने जास्त गमावलं. पुढचा बार जितका कडक, तितका या वजनबदलाचा जास्त वाटा पुढच्या जोडीवर येतो आणि तिची एकूण ग्रिप घटते. सैल केला की तोच वाटा मागे सरकतो. फुकट काही मिळत नाही: मागची ग्रिप थोडी कमी होणारच.

ब्रेक मारत आत शिरताना नाक वळत नसेल तर बार राहू दे, ब्रेक बायस (ब्रेकचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत कसा वाटायचा ते) किंचित मागे घ्या. मागची बाजू वळवळायला लागली की पुन्हा पुढे. बाहेर पडताना मागचे टायर घसरत असतील तर आधी ट्रॅक्शन कंट्रोल (थ्रॉटल दिल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा) एक पायरी वाढवून बघा.

एका वेळी एकच बदल, आणि इंधन दर वेळी तेवढंच. तुमच्याच लॅपमध्ये एकेक सेकंदाचा फरक पडत असेल, तर बदलाचा फायदा झाला की तुमचाच हात बसला, हे कळणारच नाही. अशा वेळी सेटअप बाजूला ठेवा आणि नुसती गाडी चालवा. वेगवान ड्रायव्हरचा तयार सेटअप उतरवून घेणाऱ्यांनाही हेच सांगेन. त्यात मागची बाजू बहुतेकदा इतकी मोकळी ठेवलेली असते, की नवख्याची गाडी पहिल्याच वळणाला गोल फिरते.

आणि सेव्ह करताना फाइलच्या नावातच ट्रॅकचं तापमान आणि इंधन लिहा. 22 अंशांना जमलेलं प्रेशर 35 अंशांना जास्त होतं, तेव्हा कुठून सुरुवात करायची ते लगेच सापडेल.