श्वासाची पिशवी

नमस्कार श्रोतेहो. फुप्फुसाचा कॅन्सर नुसत्या फुंकरीवरून ओळखता येईल का? इस्रायलमध्ये हायफाच्या टेक्निऑन संस्थेत होस्साम हाईक यांच्या गटाने २००९ साली हे करून पाहिलं. ती हकिकत ऐकाच.

त्यांनी सोन्याचे कण घेतले, सुमारे ५ नॅनोमीटरचे. केसाच्या जाडीत असे पंधरा-सोळा हजार ओळीने मावतील. प्रत्येक कणावर सेंद्रिय रेणूंचं पांघरूण. दोन इलेक्ट्रोडांमध्ये या कणांचा पातळ थर दिला, की झाला सेन्सर. श्वासातल्या वाफा थरात शिरल्या की तो फुगतो, कण दूर सरतात, विजेला होणारा अडथळा बदलतो. तो मोजायचा. पांघरूण बदललं की वेगळ्या वाफा पकडल्या जातात, म्हणून सेन्सर नऊ.

मग आली माणसं. ४० रुग्ण, उपचार सुरू न झालेले, आणि ५६ निरोगी. प्रत्येकाने आधी काही मिनिटं गाळलेली हवा छाती भरून घ्यायची. कारण पेट्रोल, अगरबत्ती, फिनेल यांचे अंश आपल्या छातीत असतातच. मग फुंकर. पहिला, तोंडाघशातला श्वास वेगळ्या पिशवीत. खोलवरचा तेवढा मायलार नावाच्या प्लॅस्टिकच्या ७५० मिलिलिटरच्या पिशवीत. नऊ सेन्सरांचे आकडे एकत्र मांडले, तर रुग्ण आणि निरोगी यांचे दोन पुंजके वेगळे पडले! श्वासाचा दमटपणाही आड आला नाही.

पुन्हा सांगते: आधी छाती धुऊन काढायची, तोंडातला श्वास बाजूला ठेवायचा. इथे चुकलं तर सेन्सर दवाखान्यातलं फिनेलच मोजत बसतो.

जाता जाता एक कळकळीचं. आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला, की थुंकीत जंतू नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि कॅन्सरची गाठ तशीच वाढत राहते. गोळ्यांनी फरक पडत नसेल तर सीटी स्कॅनचा आणि गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरा. निदान आजही त्या तुकड्यावरच पक्कं होतं.

फुप्फुसाचा कॅन्सर ओळखण्याची दुसरी वाट अमेरिकेत एमआयटी या तंत्रसंस्थेत संगीता भाटिया यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवली. इथे अतिसूक्ष्म कणच श्वासावाटे आत जातात. गाठीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्यांवरचे डीएनएचे तुकडे सुटे करतात, ते लघवीत उतरतात. कागदी पट्टीवर २० मिनिटांत रेघ उमटते, घरच्या प्रेग्नन्सी टेस्टसारखी. प्रयोग झाला तो उंदरांवर. माणसाच्या छातीत साध्या सुजेनेही अशी विकरं वाढतात, म्हणून एका रेघेवर विसंबता येत नाही. उंदरांवरच्या प्रयोगातही चार वेगवेगळ्या खुणा एकत्र वाचल्या होत्या.