ओझ्याची वाट

(दृश्य: पहाट. कोयनेच्या जलाशयावर धुकं. काठावरून चढाला लागलेली एक मावशी, डोक्यावर पाटी.)

पाटीत नाचणी आहे, आणि वर कर्दळीच्या पानात गुंडाळलेला लोण्याचा गोळा. चुंबळ जुन्या लुगड्याची. मावशी चालते तशी पाटी मात्र हलत नाही, जणू ती डोक्यावर उगवलेलीच आहे.

ही वाट बामणोलीच्या अंगाने वर कासच्या सड्याकडे, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठाराकडे जाते. मावशीला आज एस.टी.च्या थांब्यापर्यंतच जायचंय. तिच्या सासूच्या काळी बाजार म्हणजे सातारा, नाहीतर पलीकडच्या वेण्णेच्या खोऱ्यातलं मेढा, आणि तेही पायी. जाताना नाचणी, हिरडा, तूप. येताना मीठ, गूळ, रॉकेल. ओझं दोन्ही वेळा असायचंच.

(दृश्य: वाट जवळून. वळण, पुन्हा वळण.)

आता ही वाट नीट बघा. समोर माथा दिसतो, पण वाट त्याच्याकडे तोंड करून जात नाही. आडवी पडते, जराशी चढते, वळते, पुन्हा आडवी पडते. डोक्यावर पाटी असली की मान पुढे झुकवून चालत नाही. अंग सरळ राहील एवढाच चढ घ्यायचा. ही आखणी कोणा ओव्हरसियरने केलेली नाही, ती ओझ्यानं केली.

वळणावर हा दगड आहे. खांद्याएवढा उंच, वरून सपाट, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. ओझं यावर सरकवायचं, घाम पुसायचा आणि पुन्हा डोकं खाली घालून उचलायचं. पाटी खाली जमिनीवर ठेवली तर परत चढवायला दुसरं माणूस लागतं. एकट्या बाईला ते कुठून मिळणार?

(दृश्य: जलाशय वरून.)

खाली हे शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी. कोयना महाबळेश्वरात उगम पावते, दक्षिणेला हेळवाकपर्यंत येते आणि तिथून पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. खोऱ्यातली माणसं नदीच्या काठानंच ये-जा करायची. साठच्या दशकात धरणात पाणी अडलं आणि काठच्या वाटा बुडाल्या. कित्येक गावं उठली, काही सांगली-सोलापूरकडे गेली, काही ठाणे-रायगडाकडे. जी वरच्या अंगाला राहिली त्यांच्या हाती उरली लाँच आणि डोंगर चढणाऱ्या अशा वाटा. तापोळ्याच्या बाजूला आजही बाजारहाटीला लाँचच लागते.

(दृश्य: कासचा सडा, पाऊस.)

चढ संपला की सडा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर. खाली नुसता जांभा, वर बोटभर माती. इथं गंमत अशी की पाऊल उमटतच नाही. धुकं उतरलं की चार हातांवरचं दिसत नाही, मग दगडावर दगड रचून केलेल्या खुणाच वाट दाखवतात. 2012 साली हा भाग जागतिक वारशात आला आणि फुलं बघायला जग लोटलं. ते आपलं नेहमीचंच. तेरड्याचा, सीतेच्या आसवांचा फोटो सगळ्यांकडे असतो, त्या खुणेच्या दगडांचा मात्र कुणाकडेच नाही.

पुढं यवतेश्वराच्या घाटानं उतरलं की अजिंक्यताऱ्याखाली सातारा. बामणोलीपासून गाडीरस्त्यानं साधारण 35 किलोमीटर. पायी तेवढं जाऊन, बाजार करून, रात्री कुणाच्या तरी पडवीत टेकायचं आणि दुसऱ्या दिवशी परत.

(दृश्य: डोंगराला सरळ चिरत जाणारी लाल चर.)

ही दुसरी वाट नवी. पाठीवर पिशवी आणि हात मोकळे असलेल्यांनी पाडलेली. नाकासमोर वर गेली आहे. पावसाळ्यात पाणीही हीच वाट धरतं, म्हणून दोन-चार वर्षांत तिची घळ होते. जुन्या वाटेवर पाणी वळणावर बाजूला निसटतं, ती टिकते. अर्थात, तिच्यावरून कुणी चाललं तर. न चालल्यास एका पावसात कारवीची झुडपं तिला गिळतात.

(दृश्य: संध्याकाळ. मावशी उतरते आहे. पाटी रिकामी, हातात पिशवी.)

आम्ही विचारलं, ओझं नाही तर सरळ का नाही उतरत? जवळ पडेल की.

मावशी हसली. "गुडघं दुखत्यात," म्हणाली, आणि वळणाला लागली.