कागद कोरा असतानाच विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

शहराच्या मध्यावरच्या चौकाचा पुनर्विकास ठरला की सूचना-हरकतींसाठी बैठक बोलावतात. पडद्यावर रंगीत चित्रं झळकतात. कारंजी, डेरेदार झाडं, हसरी माणसं. मग विचारतात, 'कसं वाटतं?' तोवर आराखडा पक्का झालेला असतो, निविदाही तयार असते. हे वरातीमागून घोडं झालं. लोकांना विचारायचं तर कागद कोरा असतानाच विचारायला हवं.

मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरचंच बघा. हा चौक २००२ साली खुला झाला. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की तिथली एक इमारत पाडून अ‍ॅपल कंपनीचं दुकान उभं राहणार. नागरिकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी विरोध लावून धरला. एप्रिल २०१९ मध्ये वारसा जतन करणाऱ्या सरकारी यंत्रणेनं पाडकामाची परवानगी नाकारली आणि बेत गुंडाळावा लागला. जे सुरुवातीला चार बैठकांत कळलं असतं, ते कळायला वर्षाहून अधिक काळ गेला.

पण नुसती बैठक बोलावूनही भागत नाही. सभागृहात कोण येतं? ज्याला वेळ आहे आणि माईक हातात घ्यायची सवय आहे, तो. फेरीवाला, पहाटे झाडणारी सफाई कामगार, रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका, चाकाच्या खुर्चीतून उतारावर धडपडणारा माणूस, यांच्यासाठी आपणच चौकात जायला हवं. सकाळी जायला हवं, भर दुपारी जायला हवं आणि अंधार पडल्यावरही. दिवे लागल्यानंतर चौकाच्या कोणत्या कोपऱ्यातून बायका जायचं टाळतात, ते कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

नुसतं बघूनही खूप कळतं. शहरी जागांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचं तासन् तास चित्रण केलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सुटी खुर्ची मिळाली की माणूस ती वीतभर सरकवतो आणि मगच टेकतो. जागा आपली वाटायला तेवढंच पुरतं! मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण प्रश्नावलीत हे कुणीही लिहून दिलं नसतं.

त्याच शहरात मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवे रस्ता वाहनांना बंद केला आणि तिथे चक्क घडीच्या खुर्च्या मांडल्या. आधी प्रयोग केला, लोक तिथे बसले, वावरले आणि २०१० मध्ये तो बदल कायम करायचं ठरलं. नकाशा सगळ्यांना वाचता येतोच असं नाही, पण जागेवर बसून पाहिलं की कुणालाही मत देता येतं.

लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टिन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात सल्लामसलत खालून चौथ्या पायरीवर आहे. कारण उघड आहे. म्हणणं ऐकून घेतात, पण ते विचारात घेतील याची हमी नसते.

म्हणून पुढच्या बैठकीला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: यातलं अजून काय काय बदलता येईल? दुसरा प्रश्न: आमच्या सूचनांपैकी कोणती घेतली, कोणती नाही आणि का, हे लेखी कधी देणार? दोन्हींची उत्तरं तिथल्या तिथे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

नमस्कार.