नकार नेमका कशाला?

नमस्कार श्रोतेहो. विक्रीच्या कामाला नुकत्याच लागलेल्या तरुण मित्रांशी आज बोलायचं आहे. महिना सरत आला, एकही ऑर्डर नाही. लोक डेमो बघतात, कौतुक करतात आणि 'नंतर कळवतो' म्हणतात. अशा वेळी स्वतःला एकच विचारा: नकार नेमका कशाला आला? मला, मालाला, किमतीला, की मी चुकीच्याच दारात उभा होतो?

इथे मला सोनी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता आठवतात. १९५०मध्ये त्यांच्या कंपनीने, तेव्हा तिचं नाव सोनी नव्हतं, जपानमधला पहिला टेपरेकॉर्डर तयार केला. अवजड यंत्र, आणि किंमत पदवीधराच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त! वस्तू चांगली आहे, म्हणजे खपणारच, असं मोरितांना वाटत होतं. ते ठिकठिकाणी यंत्र नेऊन दाखवायचे. लोक त्यात बोलायचे, गायचे, स्वतःचा आवाज ऐकून हरखून जायचे. विकत मात्र कुणीच घेईना. खेळण्यासाठी एवढे पैसे कोण देणार?

एके दिवशी जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना एक गिऱ्हाईक दिसलं. एक जुनी फुलदाणी त्याने टेपरेकॉर्डरपेक्षाही जास्त पैसे मोजून घेतली. मोरितांना स्वतःला जुन्या वस्तूंचं वेड नव्हतं. पण घेणाऱ्याला त्या फुलदाणीचं मोल ठाऊक होतं. मग आपल्या यंत्राचं मोल कुणाला कळेल?

हा प्रश्न सुचला आणि शोधाची दिशाच बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या न्यायालयांना लघुलेखक, म्हणजे बोललेलं भराभर लिहून घेणारे, मिळत नव्हते; होते ते कामाने दबले होते. मोरितांनी सर्वोच्च न्यायालयात यंत्र दाखवलं आणि जवळजवळ लगेच २० यंत्रं विकली गेली. यंत्र तेच, किंमतही तीच. दार बदललं होतं.

म्हणून पुन्हा सांगतो, रोज संध्याकाळी वहीत लिहा: कोण नाही म्हणालं आणि नकार नेमका कशाला होता. महाग आहे, गरज नाही, की निर्णय दुसऱ्याच्या हातात आहे? तिन्हींचे उपाय वेगळे.

जाता जाता वरिष्ठांनाही एक विनंती. सकाळच्या मीटिंगमध्ये कमी विक्री झालेल्यांची नावं सगळ्यांसमोर वाचू नका. मला ही पद्धत मुळीच मान्य नाही. घाबरलेला मुलगा नकाराचं खरं कारण सांगत नाही, सबब सांगतो. त्यापेक्षा एक दिवस त्याच्यासोबत फिरा.

आणि हो, न्यायालयानंतर मोरितांची कंपनी वळली शाळांकडे. १९५१मध्ये त्यांनी लहान आणि हलका टेपरेकॉर्डर आणला, तो वर्गात उचलून नेता येईल असा.