पाय ऊन लागतोय!

नमस्कार श्रोतेहो. मे महिना लागला की ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर महाड-पोलादपूरच्या गाडीला झुंबड उडायची. आता मुलं सुट्टीतही क्लासला. मला हे बिलकूल पटत नाही. पोरानं गाव बघायचं कधी?

तर असाच एक मे. पोलादपूरजवळचं आमचं गाव. रात्री जेवणं उरकली आणि माझा चुलतभाऊ पेंढ्यावर आडवा झाला, तोच किंचाळला. आजीनं कंदील धरला. इंगळी! तांबडा विंचू, बोटभर. थोड्या वेळात पोर घामानं असं निथळलं की बनियन पिळावं. मग उलट्या. मग हातपाय गार. कुणी म्हणालं मांत्रिक आणा. माझे वडील म्हणाले, जीप आणा.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी आधी पायाला हात लावला. मग एक बारीकशी गोळी पाण्याबरोबर दिली. काकू खवळली. "पोर हातचं चाललंय नि नुसती गोळी? सुई तरी टोचा!"

"काकी, हीच गोळी. बसा इथं."

तीन तासांनी आणखी एक गोळी. काकू पाय मांडीवर घेऊन बसली, रात्रभर. पहाटे तिची हाक आली, "भावजी, पाय ऊन लागतोय! ऊन लागतोय!"

ती गोळी प्राझोसिन. रक्तदाबाची. विंचवावर ती चालते हे दाखवलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले आणि विंचूदंशाच्या रोग्यांजवळ रात्री जागून नोंदी करत राहिले. विषानं रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, प्राझोसिनवरचा १९८६ मध्ये. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरातले तीस-चाळीस दगावायचे. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर फार उशिरा.

विंचू चावल्यावर घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर थांबू नका. पुन्हा सांगते. घाम, उलटी, गार हातपाय. थेट दवाखाना. गोळी मात्र डॉक्टरच देतील, घरी आपल्या मनानं नको.

माझ्या त्या भावाला आज दोन मुली आहेत. या सुट्टीत त्या गावी चालल्यात.